परदेशी डिजिटल नोकरभरती (महाराष्ट्र)

परदेशी डिजिटल नोकरभरती म्हणजे एका देशातील कंपनीने दुसऱ्या देशातील मनुष्यबळातून संगणकीय, डिजिटल विपणनाच्या किंवा ई-वाणिज्याच्या कामासाठी कर्मचारी नेमणे. संकेतस्थळाची देखभाल, ऑनलाइन दुकानातील मालाची यादी तयार करणे, जाहिरात मोहिमा चालविणे, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे, परत आलेल्या मालाचा हिशेब ठेवणे, डेटा एन्ट्री आणि प्रत्यक्ष संगणक-प्रणाली लिहिणे अशी विविध कामे यात मोडतात. महाराष्ट्रात ही भरती दोन दिशांनी होते. परदेशी कंपन्या मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे माणसे नेमतात. दुसरीकडे, राज्यातील तरुण आखाती देश, युरोप, अमेरिका व आग्नेय आशियात नोकरीसाठी जातात. दोन्ही प्रकारांत कर्मचाऱ्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न एकच असतो: कायद्याच्या दृष्टीने त्याचा मालक कोण, आणि वाद झाल्यास तो कोणत्या देशात दाद मागू शकतो. २०२२ नंतर उघडकीस आलेल्या बनावट ‘डिजिटल’ नोकऱ्यांच्या प्रकरणांमुळे हा प्रश्न केवळ वेतनाचा न राहता व्यक्तिस्वातंत्र्याचाही झाला.

पार्श्वभूमी

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९७४ च्या सुमारास तिने बरोज या अमेरिकी संगणक कंपनीसाठी काम सुरू केले. १९७३ मध्ये अंधेरी येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, स्थापन झाले होते. या काळात परदेशी ग्राहकाचे काम करण्यासाठी भारतीय अभियंत्यालाच परदेशी पाठविण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने एच-१बी हा व्हिसा निर्माण केला आणि या पद्धतीला निश्चित मार्ग मिळाला. या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० जागा असतात. मंजूर अर्जांत भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांच्या वर राहिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलर इतके शुल्क लागू झाले. कर्मचाऱ्याला तिकडे नेण्याऐवजी काम इकडे आणण्याकडे कंपन्यांचा कल आधीपासून होताच, या आदेशाने त्यात भर पडली.

काम इकडे आणण्याच्या पद्धतीचे प्रचलित रूप म्हणजे जागतिक क्षमता केंद्र. यात परदेशी कंपनी भारतात स्वतःची उपकंपनी नोंदविते व तिच्यामार्फत भरती करते. नॅसकॉम व झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात अशी १,७०० हून अधिक केंद्रे असून त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. ४०० नवी केंद्रे व चार लाख रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे. हिंजवडी, खराडी, ऐरोली आणि महापे हे या प्रकारच्या नोकरीचे राज्यातील परिचित पत्ते होत.

भरतीचे प्रकार

स्वतःची उपकंपनी हा कर्मचाऱ्यासाठी सर्वांत सुरक्षित प्रकार मानला जातो, कारण मालक भारतीय कायद्याखाली नोंदलेला असतो. भविष्य निर्वाह निधी, प्रसूती रजा, ग्रॅच्युइटी या बाबी त्याला टाळता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात परदेशी कंपनी भारतीय सेवा कंपनीला कंत्राट देते. कर्मचारी त्या सेवा कंपनीचा असतो आणि परदेशी कंपनी ही केवळ ग्राहक असते. ग्राहकाने काम काढून घेतले तरी नोकरीचा करार सेवा कंपनीशी असल्याने तो आपोआप संपत नाही. प्रत्यक्षात मात्र अशा वेळी कर्मचाऱ्यास ‘बेंच’वर बसविले जाते व काही महिन्यांनी राजीनामा मागितला जातो, असा अनुभव या क्षेत्रात सार्वत्रिक आहे.

तिसरा प्रकार तुलनेने नवा आहे. ज्या परदेशी कंपनीला भारतात दोन-चार माणसेच हवी असतात ती उपकंपनी नोंदवीत नाही. भारतात नोंदलेली एक मध्यस्थ संस्था त्या माणसांची कागदोपत्री मालक होते, वेतन देते, कर कापते आणि निधीचा भरणा करते. रोजचे काम मात्र परदेशी कंपनी ठरविते. ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ या नावाने ही सेवा ओळखली जाते. करोना साथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळल्याने तिचा प्रसार झाला. या व्यवस्थेत नियुक्तिपत्रावरील नाव आणि मुलाखत घेणाऱ्या कंपनीचे नाव वेगळे असते. त्यामुळे दोन नावे दिसणे हे एकट्याने फसवणुकीचे लक्षण ठरत नाही. मात्र ज्याच्या नावाने पत्र आहे त्याची भारतातील नोंदणी तपासता आली पाहिजे.

चौथा प्रकार स्वतंत्र व्यावसायिकाचा आहे. छायाचित्रे संपादित करणे, मालाची वर्णने लिहिणे, जाहिराती चालविणे अशी ई-वाणिज्यातील पुष्कळ कामे या पद्धतीने दिली जातात. असा व्यावसायिक कर्मचारी नसतो, पुरवठादार असतो. त्याला रजा नाही, निधी नाही, आणि आयकर स्वतः भरावा लागतो. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते, परंतु सेवेची निर्यात शून्य दराने करपात्र असल्याने प्रत्यक्ष कराचा बोजा टाळता येतो. परदेशी कंपन्यांनाही हा प्रकार सोयीचा वाटतो. तथापि भारतातील माणूस त्यांच्या वतीने करार करू लागला तर करकायद्यातील ‘कायम आस्थापना’ निर्माण झाली असे मानले जाऊ शकते आणि कंपनीच्या नफ्याचा काही भाग भारतात करपात्र होतो. नियमित वेळ, एकच ग्राहक आणि वरिष्ठाची हजेरी असूनही करारात ‘स्वतंत्र व्यावसायिक’ लिहिणे ही कर्मचाऱ्याचे हक्क टाळण्याची सर्वाधिक वापरली जाणारी युक्ती आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यालाही एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते आणि नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. पहिल्या तीन प्रकारांतील कर्मचाऱ्यांना याचा लाभ होतो, चौथ्यातील व्यक्तींना नाही.

परदेशी जाऊन नोकरी: कायदेशीर चौकट

भारतीय नागरिकाच्या परदेशी नोकरीसंबंधीचा मुख्य कायदा उत्प्रवासन अधिनियम, १९८३ हा आहे. त्याने १९२२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा घेतली. १९७० च्या दशकात तेलाच्या किमती वाढल्यावर आखाती देशांत बांधकाम मजुरांची मोठी मागणी निर्माण झाली. मुंबई हे त्या भरतीचे केंद्र बनले आणि दलालांकडून होणाऱ्या फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या, ही या कायद्याची पार्श्वभूमी होय. त्याच्या अंमलबजावणीसाठी दिल्लीत उत्प्रवासी महासंरक्षक आणि प्रमुख शहरांत उत्प्रवासी संरक्षक अशी पदे आहेत. मुंबईतील संरक्षकांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. हा विषय पूर्वी कामगार मंत्रालयाकडे होता, २००४ नंतर तो प्रवासी भारतीयांसाठीच्या स्वतंत्र मंत्रालयाकडे गेला आणि २०१६ मध्ये ते मंत्रालय परराष्ट्र व्यवहार मंत्रालयात विलीन झाले.

या कायद्याचे दोन भाग वेगळे समजून घेणे आवश्यक आहे, कारण डिजिटल नोकऱ्यांतील फसवणूक नेमकी या दोहोंमधील फटीतून शिरली. पहिला भाग कर्मचाऱ्याच्या परवानगीचा. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशी व्यक्ती १८ अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाणार असेल तर तिचा करार उत्प्रवासी संरक्षकांकडे तपासला जातो व त्यांची मंजुरी लागते. या देशांत संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया यांच्यासह थायलंडचाही समावेश आहे. दहावी वा त्यापुढील शिक्षण झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचा करार स्वतः वाचू शकतो, असे या सवलतीमागील गृहीतक आहे. संगणकावर काम करू शकणारा उमेदवार जवळपास नेहमीच या दुसऱ्या गटात असतो.

दुसरा भाग दलालाच्या परवान्याचा. अधिनियमाच्या कलम १० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. कायद्यातील ‘काम’ या शब्दाच्या व्याख्येत मजूर, घरकाम, वाहनचालक यांच्याबरोबरच कार्यालयीन साहाय्यक, हिशेबनीस, टंकलेखक, लघुलेखक, विक्रेता आणि यंत्रचालक यांचाही उल्लेख आहे. १९८३ च्या या शब्दावलीत ‘डिजिटल मार्केटिंग’ हे शब्द साहजिकच नाहीत, पण डेटा एन्ट्री करणारा आणि ऑनलाइन विक्री करणारा तीत बसवण्यास फारशी ओढाताण करावी लागत नाही. म्हणजेच सुशिक्षित उमेदवाराला मंजुरी लागत नसली तरी त्याला पाठविणाऱ्याला परवाना लागतोच. ही बाब उमेदवारांना बहुधा ठाऊक नसते. ‘तुमच्या पारपत्राला शेरा नाही, त्यामुळे सरकारी काहीच लागत नाही’ हे बेकायदा दलालाचे नेहमीचे वाक्य या अज्ञानावरच टिकून आहे.

नोंदणीकृत दलालाला ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. उमेदवाराकडून घ्यावयाचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर इतके आहे. तेही पावतीसह घ्यावे लागते. विनापरवाना भरतीस दोन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. चार दशकांपूर्वीच्या या दंडाचा आज कोणालाही धाक वाटण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष खटल्यांत त्यामुळे फसवणूक (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८) आणि मानवी तस्करी (कलम १४३) ही कलमे महत्त्वाची ठरतात.

ई-मायग्रेट या सरकारी संगणकीय प्रणालीवर परवानाधारक दलालांची यादी आणि त्यांच्या परवान्याची स्थिती पाहता येते. शेरा नसलेल्या नोकरदारांनीही १८ देशांत जाण्यापूर्वी या प्रणालीवर नोंदणी करणे १ जानेवारी २०१९ पासून सक्तीचे केले जाईल, असे परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले होते. आखातातील भारतीयांनी त्यास तीव्र आक्षेप घेतल्यामुळे त्याच महिन्यात निर्णय स्थगित झाला आणि नोंदणी ऐच्छिक राहिली. थायलंडला गेलेल्या तरुणांची नावे पुढे कोणत्याच सरकारी नोंदीत नसण्याचे हे एक कारण आहे.

संयुक्त अरब अमिरातीतील भरती

महाराष्ट्रातून ई-वाणिज्याच्या नोकरीसाठी जाणाऱ्यांमध्ये दुबईचे स्थान मोठे आहे. सूक ही तेथील ऑनलाइन विक्री कंपनी ॲमेझॉनने २०१७ मध्ये विकत घेतली व त्याच वर्षी नून ही प्रतिस्पर्धी सेवा सुरू झाली. तेव्हापासून गोदाम, ग्राहकसेवा आणि डिजिटल जाहिरात या तिन्ही प्रकारांत भरती वाढत गेली.

२ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आलेल्या तेथील नव्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेण्यास मालकाला मनाई आहे. कर्मचाऱ्याचे पारपत्र ताब्यात ठेवणेही निषिद्ध आहे. परिवीक्षा काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. सेवासमाप्तीनंतर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे व त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन उपदान म्हणून मिळते. ही रक्कम मूळ वेतनावर काढली जात असल्याने एकूण पगार तोच ठेवून मूळ वेतन लहान व भत्ते मोठे दाखविणारा करार कर्मचाऱ्याला महागात पडतो. पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकास २०२४ च्या दुरुस्तीनुसार एक लाख ते दहा लाख दिरहम दंड होऊ शकतो. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, तिथे बदलून देऊ’ हा प्रस्ताव मात्र आजही दिला जातो. व्हिसा बदलला नाही तर त्या मुदतीतील वेतनासाठी कर्मचाऱ्याच्या हाती कोणताही नोंदलेला करार नसतो.

युरोपात जर्मनीने २०२३ च्या सुधारणेनंतर पुरेसा अनुभव असलेल्या माहिती तंत्रज्ञानातील व्यक्तींना पदवी नसतानाही ‘ब्लू कार्ड’ मिळण्याची सोय केली. भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचा निर्णय तेथील सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी केलेला करार प्रामुख्याने आरोग्य, आतिथ्य व तांत्रिक कारागिरीसाठी आहे; डिजिटल कामांशी त्याचा संबंध थोडाच येतो.

बनावट डिजिटल नोकऱ्या व सायबर गुलामगिरी

सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाने एक इशारा प्रसिद्ध केला. थायलंडमध्ये ‘डिजिटल विक्री व विपणन अधिकारी’ या पदाचे आमिष दाखवून माहिती तंत्रज्ञानाचे कौशल्य असलेल्या तरुणांना बेकायदा सीमापार, मुख्यतः म्यानमारमध्ये, नेले जाते व तेथे डांबून काम करवून घेतले जाते, असे त्यात म्हटले होते. समाजमाध्यमांवरील जाहिराती आणि दुबई व भारतातील दलाल ही भरतीची साधने होती.

या प्रकरणांची कार्यपद्धती बरीचशी एकसारखी आढळते. टेलिग्राम वा फेसबुकवर जाहिरात येते. टंकलेखनाची लहानशी चाचणी आणि दूरध्वनीवर इंग्रजी संभाषणाची मुलाखत होते. विमानाचे तिकीट कंपनीच काढते, त्यामुळे उमेदवाराचा विश्वास बसतो. बँकॉकहून त्याला मोटारीने सुमारे ५०० किलोमीटरवरील माए सोत या सीमेवरील शहराकडे नेले जाते. तेथून मोई नदी ओलांडली की म्यानमारमधील म्यावाडी परिसर लागतो. कुंपणाच्या आतील इमारतींत पारपत्र काढून घेतले जाते. त्यानंतर स्त्रीच्या नावाने बनावट खाती उघडून परदेशी व्यक्तींशी मैत्री करणे आणि त्यांना आभासी चलनातील खोट्या गुंतवणुकीत उतरविणे हे काम दिले जाते. नकार देणाऱ्यास मारहाण, उपासमार किंवा सुटकेसाठी लाखो रुपयांची मागणी यांस तोंड द्यावे लागते. कंबोडियातील सिहानुकव्हिल आणि लाओसमधील गोल्डन ट्रँगल विशेष आर्थिक क्षेत्र येथेही अशीच केंद्रे आढळली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३ मधील अहवालात म्यानमारमध्ये किमान १,२०,००० व कंबोडियात सुमारे १,००,००० व्यक्ती अशा स्थितीत असण्याचा अंदाज दिला आहे.

या गुन्ह्याचे वैशिष्ट्य असे की जाहिरातीतील पद खोटे असले तरी अविश्वसनीय नसते. त्याच नावाची, तशाच पात्रतेची खरी पदे दुबईत आणि नवी मुंबईतही असतात. शिवाय बळी पडलेली व्यक्ती स्वतः दुसऱ्यांना फसविण्याच्या कामात गुंतलेली असते. परत आल्यावर तिला पीडित मानावे की आरोपी, हा तपास यंत्रणांपुढील अवघड प्रश्न आहे. या भीतीने अनेक जण तक्रार करणे टाळतात.

मुंबई पोलिसांनी नोंदविलेले लाओससंबंधीचे असे एक प्रकरण १३ मे २०२४ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने हाती घेतले आणि त्याच महिन्यात अनेक राज्यांत छापे घातले. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणले. त्याच्या पुढच्या महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले आणि दलालांना अटक केली.

कर्जत-खालापूर परिसर

रायगड जिल्ह्यात परदेशी नोकरीची परंपरा मुख्यतः किनारी व दक्षिण भागात आहे. म्हसळा, श्रीवर्धन यांसारख्या तालुक्यांतील कुटुंबांतून आखातात गेलेल्यांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या आहेत. अशा गावात नवा दलाल आला तर त्याची चौकशी करण्यास तेथे राहून आलेला नातेवाईक सापडतो. डोंगराच्या पायथ्याचा कर्जत-खालापूर पट्टा याहून वेगळा आहे. तेथील रोजगाराची वाट पूर्वापार रेल्वेने मुंबईकडे किंवा खोपोलीच्या कारखान्यांकडे गेली. पोशीरसारख्या नेरळपलीकडील गावांत शेती आणि नेरळ स्थानकावरून होणारी नोकरदारांची ये-जा हीच ओळखीची चित्रे आहेत. ठाकूर व कातकरी समाजाची वस्तीही या तालुक्यांत मोठी आहे.

या भागातील पदवीधराला डिजिटल काम प्रथम मिळते ते बहुधा ऐरोली, महापे किंवा ठाणे येथील ग्राहकसेवा केंद्रात. रोजचा लोकलचा प्रवास दोन्ही वेळचा मिळून तीन-चार तासांचा होतो. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचा समावेश आहे. तो या प्रवासासाठी महत्त्वाचा ठरतो. घरून करता येणारे परदेशी काम किंवा थेट परदेशातील नोकरी यांचे आकर्षण या प्रवासाच्या तुलनेत समजण्यासारखे आहे. मात्र किनारी गावांतील अनुभवी नात्यागोत्याचे जाळे येथे त्या प्रमाणात नसल्याने उमेदवार जाहिरातीवर आणि अनोळखी मध्यस्थावर अधिक विसंबून राहतो. परवाना पाहणे या साध्या पायरीचे महत्त्व त्यामुळे येथे अधिक आहे.

तक्रार व साहाय्य

परदेशी नोकरीसंबंधी माहिती व तक्रारीसाठी प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा १८००-११-३०९० हा निःशुल्क क्रमांक आहे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. विनापरवाना दलालाविरुद्ध स्थानिक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविता येतो आणि मुंबईतील उत्प्रवासी संरक्षकांकडेही लेखी तक्रार करता येते. परदेशात अडकलेल्या व्यक्तीच्या कुटुंबासाठी परराष्ट्र व्यवहार मंत्रालयाची ‘मदद’ ही प्रणाली उपलब्ध आहे. तीवर नोंदविलेली तक्रार संबंधित देशातील भारतीय दूतावासाकडे जाते. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ईसीआर शेरा असलेल्यांना ती सक्तीची आहे.

उत्प्रवासन अधिनियम बदलण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये परदेशी संचार (सुविधा व कल्याण) विधेयक या आशयाचा नवा मसुदा पुढे आला.